जुनी वेस्टर्न कॉमिक्स आणि पुण्याची शीव

वेस्टर्न कॉमिक्सचं कुठलंही जुनं पान उघडून पाहिलं तर त्यात माणसांपेक्षा जमीन जास्त दिसते. कोपऱ्यात एखादा घोडेस्वार, मागे सपाट माथ्याचे तांबूस डोंगर, मध्ये चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला माळ आणि वर सलग एकाच रंगाचं आभाळ. या मोकळेपणाला धंद्याची कारणं होती. चित्रकाराला पानामागे पैसे मिळत, अंकाची तारीख ठरलेली असे, छपाई स्वस्त न्यूजप्रिंटवर चार रंगांत होई आणि बारीक कलाकुसर त्या कागदावर फिसकटून जाई. रिकामा माळ काढायला सोपा होता, छापायलाही सोपा होता. पण पान मोकळं ठेवण्यामागे फक्त एवढंच असतं तर शहरातल्या गुन्हेकथांची आणि समुद्रावरच्या साहसकथांची कॉमिक्सही तशीच ओसाड दिसली असती. ती तशी दिसत नाहीत. वेस्टर्नमध्ये जमीन रिकामी दाखवावी लागते, कारण ती रिकामी होती हे मान्य केल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. माझं म्हणणं असं आहे की या कॉमिक्सचं आज उरलेलं सगळ्यात मोठं मोल या रिकाम्या माळातच आहे. तो माळ म्हणजे एका समाजानं स्वतःला सांगितलेल्या समजुतीचा छापील पुरावा आहे, आणि ती समजूत तपासून पाहायला पुणे जिल्ह्यातल्या वाचकाजवळ फार चांगली साधनं आहेत. खराडीत राहून जो कुणी ही जुनी कॉमिक्स जमवत असेल, त्याच्या इमारतीखालच्या जमिनीचा कागदोपत्री इतिहासच त्या माळाला उत्तर देतो.

रिकाम्या जमिनीची ही कल्पना चित्रकारांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेत पश्चिमेकडची १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. माणसानं पाच वर्षं तिथं राहून ती कसायची, एवढी अट. १८८७ च्या डॉज कायद्यानं मूळ रहिवासी जमातींच्या सामाईक जमिनीचे खासगी तुकडे पाडले, आणि वाटप होऊन जी 'जादा' ठरली ती बाहेरच्यांसाठी खुली केली. जमीन मोकळी नव्हती, ती मोकळी करून घेतली जात होती. १८९० च्या जनगणनेनं वस्तीची पुढे सरकणारी रेघ आता नकाशावर दाखवता येत नाही असं जाहीर केलं, आणि तीन वर्षांनी शिकागोत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकारानं आपला प्रसिद्ध निबंध वाचला. अमेरिकन स्वभाव आणि अमेरिकन लोकशाही त्या सरकत्या सीमेवर घडली, कारण तिथं मोकळी जमीन होती, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्या मांडणीत मूळ रहिवासी येतात ते वाटेतली अडचण म्हणून. हा विचार विद्यापीठांत पोचण्याआधीच लोकांच्या खिशात पोचला होता: १८६० पासून बीडल कंपनीच्या दहा सेंटांच्या कादंबऱ्यांनी शिकारी, सैनिक आणि दरोडेखोर घरोघर नेले. त्यांची जागा पुढे सिनेमानं घेतली, १९३३ साली डेट्रॉइटच्या रेडिओवर लोन रेंजर अवतरला आणि १९३७ च्या सुमारास फक्त वेस्टर्न कथांना वाहिलेली कॉमिक्स निघू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा सुकाळ झाला. डेल कंपनीचा लोन रेंजर १९४८ ते १९६२ असा चालला. मार्व्हलच्या पूर्वसुरींचा किड कोल्ट १९४८ ला सुरू झाला तो १९७९ पर्यंत टिकला. रॉय रॉजर्स, जीन ऑट्री, हॉपलाँग कॅसिडी हे पडद्यावरचे काऊबॉय पानांवर उतरले. संग्राहक आज ज्या अंकांच्या मागे असतात त्यांतले बहुतेक या काळातले.

या अंकांना निरागस काळातली पुस्तकं म्हणण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांचं कॉमिक्सविरुद्धचं पुस्तक गाजलं, अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड लादून घेतला. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असं काही छापायचं नाही, प्रत्येक गोष्टीत चांगल्याचाच विजय व्हायचा, असे त्याचे नियम होते. डेलनं कोड स्वीकारला नाही, पण आपली कॉमिक्स चांगलीच असतात अशी स्वतःची हमी अंकांवर छापून त्यांनी तीच शिस्त वेगळ्या दारानं आत आणली. आता या नियमांच्या कचाट्यात वेस्टर्न कथा कशी सापडते ते पाहा. जिथं कायदा अजून पोचलेला नाही अशा जागेची ती कथा. शेरीफ विकला गेलेला असू शकतो आणि बंडखोराचं म्हणणं खरं असू शकतं, यातच तिचा जीव. कोडनंतर शेरीफ सज्जन झाला, आणि कायद्याबाहेरचा नायक नेहमी गैरसमजातून फरार झालेला निरपराध तरुण निघू लागला. ज्याला आपण साधेपणा समजतो तो बऱ्याच अंशी नियमांनी घडवलेला आहे. १९५३ चा अंक आणि १९५६ चा अंक शेजारी ठेवून वाचले तर हा फरक दिसू शकतो, आणि संग्रहाचा खरा उपयोग तिथं सुरू होतो.

आता पुणे जिल्हा. अमेरिकेत वस्तीची रेघ मिसिसिपी ओलांडत होती त्याच सुमारास, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांच्या आत, पुणे जिल्ह्यात इंग्रज अधिकारी रॉबर्ट प्रिंगल यांनी शेतवार मोजणी सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून सारा ठरवण्याची त्यांची रीत कागदावर शास्त्रशुद्ध होती आणि शिवारात अन्यायाची ठरली. ती सोडून द्यावी लागली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं मोजणी केली, तीस वर्षांसाठी सारा बांधला आणि प्रत्येक शेताला नंबर दिला. तीच रयतवारीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि आजचा सातबारा त्याच वंशातला. याचा अर्थ असा, की कॉमिक्समध्ये ज्या काळात घोडेस्वार बेवारस माळावरून दौडत असतो, त्या काळात इथल्या पडीक तुकड्यालाही नंबर होता, खातेदार होता, आकार होता आणि चतुःसीमा लिहिलेली होती. मोजणीच्या आधीही जमीन बेवारस नव्हती. मिरास, इनाम, वतन, गायरान, देवस्थानाची जमीन, गावकीची जमीन अशा हक्कांचं दाट जाळं तिच्यावर पसरलेलं होतं, आणि शीव कुठं आहे यावरून दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. खराडी हे मुळा-मुठेच्या काठचं, नगर रस्त्यावरचं असंच एक गाव. १९९७ साली ते पुणे महापालिकेत आलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत तिथं ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरसारखी संकुलं उभी राहिली. 'इथं काहीच नव्हतं, नुसता माळ होता' हे वाक्य या भागाविषयी आजही सर्रास बोललं जातं. ते वाक्य आणि वेस्टर्न कॉमिक्सची पहिली चौकट यांत मला काही फरक दिसत नाही. जमिनीच्या जुन्या उताऱ्यावरच्या नावांनी दोन्ही खोटी ठरतात.

इथं पहिला आक्षेप येतो तो असा, की टेक्सास आणि पुणे यांचा काय संबंध; हजारो मैलांवरच्या दोन गोष्टी लेखक ओढूनताणून जवळ आणतो आहे. पण हा संबंध इतिहासात नोंदलेला आहे आणि तो कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव कडाडले. दख्खनच्या शेतकऱ्याची पत एकाएकी वाढली, सावकारानं हात सैल सोडला, खतांवर अंगठे उठले. युद्ध संपलं, भाव कोसळले, वाढीव साऱ्याची फेरआकारणी त्याच सुमारास आली आणि कर्ज तेवढं राहिलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी सावकारांच्या जिवाला फारसा हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे आणि खतं मागितली आणि जाळली. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. ज्या युद्धानं हे घडवलं त्याच युद्धानंतर रिकामे झालेले सैनिक टेक्सासची गुरं उत्तरेच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेऊ लागले आणि काऊबॉयची सगळी दंतकथा त्या दोन दशकांतून उगवली. वेस्टर्न कॉमिक्समधला नेहमीचा खलनायक आठवा: गहाणखत खिशात ठेवून विधवेची रँच गिळू पाहणारा, काळा कोट घातलेला बँकवाला. सुपे, शिरूर, इंदापूर या भागातल्या वाचकाला हे पात्र समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढा, की कॉमिक्समध्ये एक अनोळखी घोडेस्वार येऊन ते खत फाडतो. सुप्याला गावकऱ्यांनी स्वतः जाळलं.

आणि कायद्याबाहेरचा माणूस? तोही इथं होता, पण त्याची गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. रामोशी हे गावाचे राखणदार होते, किल्ल्यांचे पहारेकरी होते. त्या कामाबद्दल त्यांना हक्क आणि वतनं होती. १८१८ नंतर किल्ले ओस पडले, हक्क गेले आणि कालचा राखणदार सरकारदरबारी आज लुटारू ठरला. पुरंदरच्या भिवडीचे उमाजी नाईक यांचं बंड यातून उभं राहिलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह पहिला छापा घातला तो धामारीवर, म्हणजे शिरूर तालुक्यात. खराडीवरून जाणारा नगर रस्ता ज्या मुलखात जातो त्याच मुलखात. इंग्रज सरकारचं उत्तर फाशी आणि काळं पाणी एवढ्यावर थांबलं नाही. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमाती कायदा झाला, तो पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि जन्मानं गुन्हेगार ठरलेल्या लोकांच्या हजेऱ्या सुरू झाल्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा देशभर संपला. काटेरी तारेचं पेटंट १८७४ मध्ये अमेरिकेत ग्लिडनच्या नावावर नोंदलं गेलं. वेस्टर्न कथांमध्ये ती तार गुरं अडवते आणि मोकळ्या चराईचा शेवट करते. आपल्याकडे ती माणसांभोवती लागली.

मराठी साहित्यानं ही गोष्ट सांगितली नाही असं नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. हजेरीचा जाच, उपासमार आणि सरकारी खजिन्यावरचा छापा हे सगळं तिच्यात आहे, आणि ते हजेरी द्यावी लागणाऱ्यांच्या बाजूनं आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही पुस्तकं १९८० च्या दशकात वाचकांपुढे आली आणि ज्यांना पोलिसांच्या वहीत जन्मतः जागा मिळाली होती ते स्वतः बोलू लागले. अमेरिकेत वेस्टर्न कॉमिक्सच्या भरभराटीच्या काळात असा आवाज त्या पानांत कुठेच नव्हता. मात्र चित्रकथेच्या माध्यमात आपणही हे फारसं आणलं नाही, आणि ते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचं उत्तर शोधायला इंद्रजाल कॉमिक्सकडे जावं लागतं. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियानं ही मालिका सुरू केली. ती मराठीसह अनेक भाषांत निघत असे आणि १९९० पर्यंत चालली. सुरुवातीचे अंक ली फॉक यांच्या फँटमचे, मराठीत तो वेताळ झाला. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आले. वृत्तपत्रांतल्या मूळ पट्ट्या कापून, चौकटी गाळून, ठरलेल्या पानांत बसवल्या जात. निखळ वेस्टर्न नायक या मालिकेचा कणा कधीच नव्हता. पण सीमेवरचा एकटा गोरा रक्षक आणि त्याच्या धाकानं सुरळीत चालणारा भोवतालचा आदिवासी मुलूख हा वेस्टर्नचाच सांगाडा वेताळाच्या जंगलात उभा होता. मग डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला 'बहादूर' आला. भगवा कुर्ता, निळी जीन्स, भोवती चंबळच्या घळी. वरवर पाहता हा काऊबॉयचा भारतीय भाऊ. पण त्याची जन्मकथा पाहा. त्याचा बाप भैरवसिंग दरोडेखोर आहे. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मारला गेला तोच त्याला वाढवतो. आणि बापाचा सूड घ्यायची शपथ घेतलेला मुलगा अखेर गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. अमेरिकन वेस्टर्नमध्ये सीमेपलीकडचा माणूस मरतो किंवा आणखी पलीकडे ढकलला जातो. इथं तो घरातलाच निघतो, आणि त्याचा मुलगा गावाची राखण करतो. उमाजींच्या बापजाद्यांचं काम तेच होतं.

यावर कुणी म्हणेल, की बहादूर म्हणजे 'शोले'ची सावली. तो सिनेमा १९७५ च्या ऑगस्टमध्ये आला, कॉमिक पुढच्या वर्षी. काळाच्या क्रमात तथ्य आहे आणि मुंबईतल्या कुठल्याही लेखकाला त्या वर्षी 'शोले' टाळता आला नसता. पण दोन्हींची रचना वेगळी आहे. 'शोले'त ठाकूरचं कुटुंब दरोडेखोरानं संपवलं आहे आणि हिशेब रक्तानंच चुकता व्हायचा आहे. गाव बघत राहतं. 'बहादूर'मध्ये गावाला संघटित व्हावं लागतं. हा फरक कुठून आला असावा? माझ्या मते तो सिनेमातून आलेला नाही, बातम्यांतून आला आहे. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भावे, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले, चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडले आणि मानसिंगाच्या टोळीतले सुमारे वीस जण त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवून शरण आले. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांतून मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. दरोडेखोर माणसात परत येऊ शकतो ही शक्यता भारतीय वाचकानं वर्तमानपत्रात वाचलेली होती. अमेरिकन कॉमिक्सच्या लेखकापुढे असं ताजं उदाहरण नव्हतं, आणि कॉमिक्स कोडनं असल्या विचाराची दारंही जवळजवळ बंद करून ठेवली होती.

तरीही एक गोष्ट राहतेच. मुंबईत निघणाऱ्या या मालिकेनं आपली सीमा शोधली ती चंबळमध्ये, हजार किलोमीटर दूर. पुरंदर, शिरूर, सोलापूर इथं ती सीमा तेवढीच जुनी आणि तेवढीच जिवंत असताना. देशभर खपणाऱ्या मालिकेला सगळ्यांना माहीत असलेली जागा हवी होती, हे कारण खरंच आहे. पण मला आणखी एक दिसतं. दूरच्या बंडखोराविषयी उदार होणं सोपं असतं. शेजारच्या पालावर राहणाऱ्या, ज्याच्याकडे अजून संशयानं पाहिलं जातं, त्या माणसाला नायक करायला 'फकिरा'च्या लेखकासारखी छाती लागते. टेक्सासचा अपाची आणि चंबळचा डाकू मराठी वाचकाला चालला, कारण त्याच्याशी सकाळी उठून व्यवहार करायचा नव्हता.

आता सगळ्यात नेहमीचा आक्षेप. ही मुलांच्या वाचनाची पुस्तकं, त्यांच्यावर एवढं ओझं कशाला टाकायचं? शिवाय सगळीच वेस्टर्न कॉमिक्स एकतर्फी नव्हती. लोन रेंजरच्या मूळ रहिवासी सोबत्याला, टोंटोला, १९५१ साली डेलनं स्वतंत्र मालिका दिली. इटलीत ३० सप्टेंबर १९४८ ला जन्मलेला बोनेल्ली आणि गालेप्पीनी यांचा टेक्स विलर नाव्हाहो स्त्रीशी लग्न करतो, त्या जमातीचा प्रमुख होतो आणि लष्कराच्या आणि ठेकेदारांच्या लबाडीविरुद्ध उभा राहतो. फ्रान्समध्ये शार्लिए आणि जिरो यांच्या ब्लूबेरीनं १९६३ पासून करारभंगाची ती सगळी कहाणी बऱ्यापैकी उघड केली. हे सारं मला मान्य आहे, आणि म्हणूनच ही पुस्तकं जपली पाहिजेत असं मी म्हणतो; एकाच साच्याची असती तर दोन-चार नमुने ठेवून भागलं असतं. पण टेक्स काय, ब्लूबेरी काय, न्याय मागायला गोराच घोड्यावर बसतो. टोंटोची मालिका नावाला त्याची; त्यातही तो लोन रेंजरचा सोबती म्हणूनच ओळखला जातो. राहिला मुलांचा प्रश्न. जमीन कुणाची, कायदा कुणाचा, संशय कुणावर घ्यायचा, याच्या पहिल्या कल्पना माणसाला दहाव्या-बाराव्या वर्षीच मिळतात. त्या वयात सर्वात जास्त वाचल्या गेलेल्या कागदाला इतिहासकारानं हलकं मानणं योग्य नाही.

संग्रहाच्या रीतीही या दृष्टीनं तपासाव्या लागतील. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीट यांची भावसूची निघू लागली, आणि २००० पासून सीजीसी ही संस्था अंकाला दहापैकी गुण देऊन त्याला कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करू लागली. डबी फोडली की गुण गेले. म्हणजे जो अंक सर्वात चांगला जपला तो वाचता येत नाही. आपल्याकडे उलटा प्रकार झाला. कॉमिक्स किलोनं रद्दीत गेली. जी उरली ती बहुधा भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांमुळे उरली. वाचनालयवाला पाच-सहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा घाली, कडा कापी, पहिल्या पानावर शिक्का मारी. पुण्यात असे बांधीव गठ्ठे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरत राहिले. अमेरिकन हिशेबानं असा गठ्ठा कवडीमोलाचा: कडा कापलेल्या, मुखपृष्ठ फाटलेलं, पिनांचा गंज पानात उतरलेला. न्यूजप्रिंटच्या कागदातच आम्ल असतं, त्यामुळे तो आपोआप पिवळा पडतो आणि कडेनं मोडू लागतो. त्यात पावसाळ्याची ओल आणि कसर. पण इतिहासाच्या हिशेबानं हा गठ्ठा डबीतल्या अंकाहून सरस आहे. शिक्क्यावरून वाचनालयाचं गाव कळतं, परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवरून तो किती हातांतून गेला ते कळतं, आणि एकाच पुठ्ठ्यात वेताळ, बहादूर आणि एखादा डेलचा काऊबॉय शेजारी शिवलेला असेल तर इथल्या वाचकाच्या मनात हे जग कसं एकत्र नांदत होतं ते कळतं. तमिळमध्ये शिवकाशीच्या मुथू आणि लायन कॉमिक्सनी टेक्स विलर, ब्लूबेरी आणि लकी ल्यूक आपल्या भाषेत आणले आणि ती परंपरा आजही चालू आहे. मराठीत तसं घडलं नाही. त्यामुळे आपल्याकडचा पुरावा मुळातच विरळ आहे आणि तो विस्कटलेल्या गठ्ठ्यांतच सापडेल.

खराडीकडून नदी ओलांडली की मुंढव्यापलीकडे मगरपट्टा लागतो. तिथं सुमारे चारशे एकर जमिनीच्या मालक शेतकऱ्यांनी ती एकत्र ठेवून स्वतःच नगर उभारलं आणि त्यात भागीदार राहिले. शहराची हद्द शेतावर आली तेव्हा काय करता येतं याची ही एक वाट. तुकड्या-तुकड्यानं विकून बाजूला होण्याची वाटही पुण्याच्या भोवती अनेक गावांनी पाहिली आहे. आपल्या जिल्ह्याची ही सीमाकथा अजून चालू आहे, तिच्यात मालक आहेत, कुळं आहेत, शेतमजूर आहेत, पालावर राहणारे आहेत आणि दुसऱ्या प्रांतांतून पोटासाठी आलेले आहेत. चित्रकथेला याहून समृद्ध विषय मिळणं कठीण, आणि नव्या मराठी चित्रकारांपैकी कुणी तो हाती घेतला तर मागच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या वेस्टर्न कॉमिक्समधून त्याला काय टाळायचं ते नेमकं शिकता येईल.

ज्यांच्याकडे मराठी इंद्रजालचे, बहादूरचे किंवा परदेशी वेस्टर्नचे जुने अंक आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. वाचनालयाचा शिक्का खोडू नका, परतीच्या तारखांची चिठ्ठी काढून टाकू नका, बांधीव गठ्ठा सुटे अंक विकायला उसवू नका. अंक कुठून आणि कोणत्या साली मिळाला ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा, कोरड्या जागी आडवे ठेवा, आणि वर्षातून एकदा पानं उलटून वाचा. मराठी अंकांची साल, क्रमांक आणि अनुवादकाचं नाव छापलं असेल तर ते, अशी साधी यादी जरी चार संग्राहकांनी मिळून केली तरी पुढच्या अभ्यासकाचं निम्मं काम होईल. ही यादी आताच करायला हवी, कारण तो कागद आणखी फार पावसाळे काढणार नाही.